फुटक्या सायलेन्सरचा अहवाल

राज्यकारभार तेलावर चालतो, असे जाणकार सांगतात. तो नेमका कसा चालतो हे मात्र त्यांना ठाऊक नसते, कारण आमच्या परवाना कार्यालयात त्यांनी कधी नोकरी केलेली नाही.

आमच्या मोठ्या साहेबांची डिझेल गाडी एकोणीस वर्षे जुनी होती आणि तिचा सायलेन्सर अकरा वर्षांपासून फुटका होता. गाडी चौकातल्या वळणावर आली की दुसऱ्या मजल्यावरच्या काचा थरथरत. तिथून साहेब दारात उभे राहीपर्यंत साडेतीन मिनिटे जात. तेवढ्यात आमचे सत्तावीस कर्मचारी कामाला लागलेले असत. (एकूण चाळीस. उरलेले तेरा खाली चहाला असत; ते साहेबांच्या मागोमाग फायली घेऊन वर येत आणि बाहेरचे काम उरकून आल्यासारखे दिसत.) टंकलेखिकाबाई मुलीचा निबंध खणात सारत, आवक-जावक लिपिक शब्दकोडे मिटत, अभिलेखपाल जागे होत आणि मी, मुख्य लिपिक या नात्याने, कालचीच फाईल नव्याने उघडत असे. सायलेन्सर दुरुस्त होऊ नये म्हणून ड्रायव्हरला रोज कोणीतरी चहा पाजत असे. त्याची पाळी ठरवणारा तक्ता हा आमच्याकडचा एकमेव अद्ययावत दस्तऐवज होता.

मग वरून आदेश आला, की तेलावरचे अवलंबित्व कमी करावे. साहेबांना विजेची गाडी मिळाली. मी पक्षपाती माणूस नाही. धूर नाही, खर्च पूर्वीच्या एक पंचमांश, चार्जिंग आवारातच, हे सगळे मला मान्य आहे. तिच्यात खोट एकच होती. ती आल्याचे कळत नसे.

पहिल्याच दिवशी साहेब सहा मिनिटे दारात उभे होते आणि कोणाला पत्ताही नव्हता. त्यांनी अभिलेखपालांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "अगं, पाच मिनिटं."

साहेब रागावले नाहीत. "इतकी वर्षं मला वाटायचं, आपलं ऑफिस फार कामसू आहे," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर गाडी केव्हाही येऊ लागली, आणि केव्हाही येणाऱ्या गाडीवर उपाय एकच असतो. आम्हाला काम करावे लागले.

अकरा दिवसांत एक हजार तीनशे बारा अर्ज निकाली निघाले. (आधीची सरासरी महिन्याला चाळीस; त्यातले नऊ आमच्याच नातेवाइकांचे.) दोघांची पाठ धरली. चहावाल्याने धंदा बसल्याची तक्रार केली. ड्रायव्हरचेही हाल झाले. "गाडी झकास आहे हो," तो मला म्हणाला, "पण आता मला कोणी चहा विचारत नाही."

या धांदलीत एका नर्सबाईंची अडकलेली फाईलही हलली. त्यांचे यजमान बांधकामावरून पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. घराच्या दारात तीन पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर उतार बांधायचा, तर तो दीड फूट फुटपाथवर येतो आणि त्याला आमचा परवाना लागतो. अर्जाला तीन वर्षे चार महिने झाले होते. तेवढा काळ त्या गृहस्थांनी रस्ता खिडकीतूनच पाहिला होता. ती फाईल नऊ दिवसांत पाच टेबले ओलांडून गेली आणि आता फक्त साहेबांची सही उरली होती.

आम्ही मात्र हातावर हात धरून बसलो नव्हतो. 'नागरी सुरक्षा अभ्यासगट' स्थापन झाला होता. विजेची गाडी परत पाठवायला कारणे हवी होती आणि खरे सांगायचे तर आमच्याकडे एकही नव्हते. म्हणून मी खिडकीवर वही ठेवली आणि रांगेतल्या नागरिकांनाच विचारले. दोन दिवसांत एकोणीस कारणे जमली. बॅटरी पेटते. चढावर दम टाकते. वीज तरी शेवटी कोळशाचीच ना. मेहुण्याच्या मित्राची भर रस्त्यात बंद पडली. (हे आठ जणांनी सांगितले, आठ मेहुण्यांचा हा एकच मित्र असावा.) गाडीला आवाज नसेल तर गाडीत बसल्यासारखे वाटत नाही. आम्ही पदरचे एकही अक्षर घातले नाही.

मागणी वर पाठवायला नियमाप्रमाणे पाचशे सह्या लागत. अकराव्या दिवशी संध्याकाळी एक कमी पडत होती, आणि खिडकीशी नर्सबाई आल्या. फाईल साहेबांच्या टेबलावर आहे, उद्या सही होईल, असे मी सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला लाज वाटली. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे मी काय केले तेही नोंदवायचे आहे. मी वही पुढे सरकवली.

"कसला कागद आहे, भाऊ?"

विजेच्या गाड्यांविरुद्ध, असे मी म्हणालो.

"बरोबर आहे. त्यांचं काही खरं नसतं म्हणे," असे म्हणत त्यांनी सही केली. (त्या आल्या ती बस वर्षभरापासून विजेवर चालते. बस छान आहे, पूर्वीसारखे मळमळत नाही, असे त्याच म्हणाल्या.)

दुसऱ्या दिवशी साहेबांना लोकभावनेबद्दल वर बोलावून घेतले. तिसऱ्या दिवशी काचा पुन्हा थरथरल्या. त्याच दिवशी नर्सबाईंच्या फाईलमधल्या पाहणी अहवालाची मुदत संपली आणि फाईल नियमानुसार पहिल्या टेबलावर गेली. तिथले लिपिक तेव्हा शब्दकोडे सोडवत होते.

गेल्या आठवड्यात बाई येऊन गेल्या. प्रकरण प्रक्रियेत आहे, असे मी सांगितले. जाता जाता त्यांनी विचारले, "त्या सह्यांचं काही झालं का हो?"

झाले, मागणी मान्य झाली, असे मी म्हणालो.

"चला," त्या म्हणाल्या, "आपलं कोणीतरी ऐकलं."

विचार न करता सही कशी केली बाईंनी, असे आपल्या मनात आले असेल. येणे साहजिक आहे. वही आता माझ्यासमोरच आहे. बाईंची सही पाचशेवी आहे. आपली दोनशे सतरावी. अक्षर सुरेख आहे. फक्त 'अशा गाडीत आपण कधी बसला आहात काय' हा रकाना आपण कोरा ठेवला आहे.