फाटक उघडलं तर सांगावं

"ही लई बडबड करती, हिला जरा गप कर," असं आप्पांनीच फर्मावलं होतं. ही म्हणजे आप्पांच्या फोनमधली बाई. आप्पांची नजर गेल्यापासून बोटाखाली येईल ते ती वाचून दाखवायची आणि वर 'मेनू उघडला आहे, पाच पर्याय आहेत' असंही बजावायची. नात तेजश्रीनं सेटिंगमध्ये जाऊन मेनूबद्दलचं तिचं सगळं बोलणं बंद करून टाकलं. दहावीतल्या पोरीला त्यात अवघड ते काय!

येत्या रविवारी थोरली नात स्वप्ना हिचा साखरपुडा होता. आप्पा घाटनांदूरला होणारे व्याही बबनराव यांच्याकडं जाऊन आले. घर पसंत, मुलगा पसंत. केजच्या आत्याला त्यांनी आवाजातच निरोप धाडला, "सगळं ब्येस हाय. निस्ता तिकडचा चहा पिऊ नको. साखरेचा डबा पाव्हण्याला दुरूनच दाखवतेत."

आपण काय झकास बोललो ते पुन्हा ऐकावं म्हणून त्यांनी निरोपावर बोट दाबून धरलं. मेनू उघडला. बाई गप. आप्पांना वाटलं, आपण अजून निरोपावरच आहोत. त्यांनी दोनदा ठोकलं, ते बसलं 'पुढे पाठवा'वर. काहीच वाजेना म्हणून आणखी ठोकाठोकी केली, आणि यादीत सगळ्यात वर असलेल्या, दोन्ही घरांच्या 'सोयरे मंडळी' ग्रुपवर तो चहा जाऊन सांडला.

तेजश्रीच्या फोनवर तो वाजला तेव्हा ती कणीक मळत होती. हात धुवून येते, तोवर कशाला हात लावू नका, असं ती ओरडून सांगेपर्यंत आप्पांनी स्वतःच पुसायला घेतलं होतं. पुन्हा मेनू, पुन्हा बाई गप, पुन्हा अंदाजानं बोट. निरोप पुसला गेला, पण फक्त आप्पांच्या फोनवरून. बाकी सगळ्यांकडं तो जागच्या जागी.

"साखरपुडा मोडला तर ताई मला घरात ठेवायची न्हाई," तेजश्री म्हणाली.

"मग हिनं सांगायचं न्हाई का?" आप्पा फोनमधल्या बाईवर उखडले. सगळा जन्म शेळ्या राखण्यात गेलेला. "फाटक उघडलं तर आधी सांगावं. शेळ्या रानात पांगल्यावर काय उपेग?"

"तुमीच तर तिचं तोंड बांधलं."

आप्पांनी प्यायला पाणी मागितलं.

तेवढ्यात ग्रुपवर विहीणबाई भिवराबाईंचा आवाज आला. "आप्पा, तुमालाच म्हणून सांगते. चहा आमचे हे करतेत, मला हात लावू देत न्हाईत. इतकी वर्षं मी बी गप पिते."

'तुमालाच म्हणून', आणि तेही भरल्या ग्रुपवर! पाठोपाठ त्यांचा फोनच आला. ते बोलणं पुसायचं कसं, असं त्यांनी तेजश्रीला दबक्या आवाजात विचारलं. आप्पांनी फोन ओढून घेतला. या विषयात त्यांच्याइतका पोळलेला माणूस आता तालुक्यात नव्हता.

"घाई करू नका, विहीणबाई. बोट दाबून धरा. मेनू उघडला का? आता वरून खाली सगळं वाचा, मगच दाबा. आपल्यापुरतं पुसलं की संपलं बघा."

विहीणबाईंनी फोनचा स्पीकर लावलाय, हे कळलं ते मागून बबनराव बोलले तेव्हा.

"आप्पा, साखर किती चमचे, ते बी सांगून ठेवा. रविवारी मीच चहा ठेवणार हाय."