सुजित भोपी यांच्या चार थकीत विवरणपत्रांची हकीकत

परदेशी गेलेल्या माणसाला मित्र वर्षभरात विसरतात, नातेवाईक तीन वर्षांत विसरतात. आयकर खाते मात्र कधीही विसरत नाही. मायेच्या बाबतीत या खात्याचा हात धरणारे दुसरे कोणी देशात सापडणार नाही. फोन उचलला नाही की आई रुसते. खाते रुसत नाही. ते आठवण पाठवते, पुन्हा आठवण पाठवते, आणि त्यानंतर कलमासहित आठवण पाठवते.

मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालो असून सध्या बदलापूर पूर्वेला, कात्रपमधल्या आमच्या सोसायटीचा सचिव आहे. सबब आकडेवारी माझ्या हाताशी आहे. सोसायटीत सदनिका अठ्ठावीस. नोकरीसाठी परदेशी गेलेले रहिवासी नऊ. त्यांपैकी भारतात विवरणपत्र भरणे ज्यांना लागू आहे असे सहा. प्रत्यक्षात भरणारे दोन. (त्यांतल्या एकाने चुकून भावाचे भरले होते.) न भरणाऱ्या चौघांत आमच्या वरच्या मजल्यावरचा सुजित भोपी येतो.

सुजित मस्कतला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. मुलगा निर्व्यसनी, कामात हुशार. वडील गेल्यावर गावची जमीन विकली गेली, तिच्यातला त्याचा वाटा त्याने बँकेत ठेवला. बँक दरवर्षी व्याजातून कर कापून घेत असे. कर कापला म्हणजे विषय मिटला, अशी सुजितची प्रामाणिक समजूत होती. ती चुकीची आहे. केस कापले की न्हाव्याशी संबंध संपतो. कर कापला की खात्याशी संबंध सुरू होतो.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या घरी स्पीडपोस्टाने एक पत्र आले. त्याच्या आईने, सगुणाबाईंनी, लिफाफा चांगल्या कागदाचा पाहून लग्नपत्रिका समजून देवापुढे ठेवला आणि वर कुंकू वाहिले. चार दिवसांनी लग्न कोणाचे हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या. मी वाचून सांगितले की लग्न नाही. चार वर्षांची विवरणपत्रे थकली आहेत.

"म्हणजे आहेर पाठवायला नको?" सगुणाबाईंनी विचारले.

मी म्हटले, पाठवावा लागेल असे दिसते.

लग्न खरे तर सुजितचेच होते. अंबरनाथच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासनीस असलेल्या किर्तीशी त्याचे जमले होते, फेब्रुवारीची तारीख होती, हॉल घेतला होता. पत्राची बातमी मस्कतला पोचली तेव्हा सुजितने त्याच्या खोलीत राहणाऱ्या महेंद्रचा सल्ला घेतला. महेंद्रची माहिती नेहमी ठाम असते, कारण ती तो कोणालाही विचारून घेत नाही. त्याने सांगितले की विवरणपत्र थकलेल्याला मुंबई विमानतळावर बाजूला घेतात, पासपोर्ट ठेवून घेतात, आणि मग माणूस सुटतो पण पासपोर्ट सुटत नाही. त्या दिवसापासून सुजितने तिकिटाचा विषय काढणे बंद केले.

किर्तीने आठवडाभर वाट पाहिली आणि फोन केला. हे संभाषण सगुणाबाईंच्या घरी स्पीकरवर झाल्यामुळे मला अधिकृतरीत्या ऐकू आले.

"तू टॅक्सला घाबरून स्वतःच्या लग्नाला येत नाहीयेस, हे मी आमच्या पाहुण्यांना कुठल्या शब्दांत सांगू?"

"अगं, भरतो ना. भरलं की लगेच येतो."

"दोन फेब्रुवारीपर्यंत भर. नाहीतर मी हॉल वाढदिवसाला देऊन टाकते."

कामाची सूत्रे अर्थातच माझ्याकडे आली. उल्हासनगरला धर्मेश म्हणून करसल्लागार आहे, माझेही काम तोच बघतो. त्याच्या गाळ्याच्या अर्ध्या भागात जीन्सला बटणे लागतात आणि उरलेल्या अर्ध्यात विवरणपत्रे भरली जातात. दोन्हीकडे ठोकाठोक सारखीच असल्याने नवखा माणूस चुकीच्या रांगेत उभा राहतो. धर्मेशने सुजितचा पॅन क्रमांक संगणकात घातला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नको. एका वर्षी सुजितभाई सरकारचं देणं लागतात. बाकी तीन वर्षी सरकार सुजितभाईंचं लागतं."

"म्हणजे बरंच आहे की."

"नाही ना! आपल्याकडून निघतं, ते वर्ष उशिरा भरता येतं, वरून जास्तीचे पैसे घेऊन एकदम वेलकम. सरकारकडून निघतं, तिथे नुसतं भरता येत नाही. आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज करायचा."

या तरतुदीतील शिस्त मला मनापासून आवडली. आपण पैसे बुडवले असतील तर दार उघडे; आपले पैसे बुडाले असतील तर आधी माफी. असा नियम घरोघरी लागू केला तर उसनवारीची भांडणे एका दिवसात मिटतील.

पण दारापर्यंत पोचणे सोपे नव्हते. पोर्टल उघडायला पासवर्ड हवा. सुजितला तो आठवत नव्हता. नवा घ्यायचा तर ओटीपी हवा. ओटीपी जाणार सुजितच्या जुन्या भारतीय नंबरवर. तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे सुजित मस्कतला गेल्यावर काही महिन्यांतच बंद होऊन कंपनीने दुसऱ्या कोणाला दिलेला. नंबर बदलायचा तर आधार हवे. आधारलाही तोच नंबर. आधारचा नंबर बदलायला सुजितने स्वतः बदलापूरच्या केंद्रात येऊन अंगठा द्यायला हवा. आणि विवरणपत्र भरल्याशिवाय सुजित बदलापूरला येणार नव्हता. मी सरकारी नोकरीत होतो, तरी इतकी गोल आणि कुठेही जोड न दिसणारी कार्यपद्धती प्रथमच पाहिली.

शेवटी सुजितने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच नंबरवर फोन लावला. एका बाईने उचलला.

"कोन?"

"मावशी, मी सुजित. हा नंबर आधी माझा होता. तुम्हाला सरकारकडून सहा आकडे येतील, ते मला सांगाल का?"



"मेल्या, रोज फोन लावला का ती बाई वरडते, आकडे कोनाला सांगू नको. आनि तू म्हनतोस सांग. मी तिचा ऐकू का तुजा?"

आणि फोन बंद झाला. मी या महिलेचा जाहीर सत्कार व्हावा या मताचा आहे. सरकारची ती सूचना आपण सारेच ऐकतो आणि ती संपायची वाट बघतो. ती पाळणारी नागरिक माझ्या माहितीत ही एकच. दुर्दैवाने ती नेमकी आमच्याच वाट्याला आली.

सुजितने आणखी अकरा फोन केले. दहाव्या फोनला तिने आपले नाव सांगितले, ठमाबाई, आणि अकराव्याला पत्ता: अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात सुकी मासळी विकते, खरा असशील तर आईला समोर आणून बसव. दुसऱ्या दिवशी मी सगुणाबाईंना घेऊन गेलो. ठमाबाई साठी उलटलेल्या, कपाळावर मोठे कुंकू, पुढे सुकट आणि बोंबलांचे ढीग. सगुणाबाई तिच्यासमोर बसल्या.

"बाय, माजा पोर चोर नाय गो."

"तुज्या पोराचा वाढदिवस कदी?" ठमाबाईंनी एकदम विचारले.

"बारा मार्च."

ठमाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी हातातली सुकट खाली ठेवली. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी: हा नंबर घेतला त्या पहिल्याच मार्चात बँकेने त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. आपला जन्म कधीचा हे त्यांना ठाऊक नव्हते. बँकेला ठाऊक असेल, असे धरून त्यांनी पेढे वाटले. तेव्हापासून घरात बारा मार्चलाच त्यांचा वाढदिवस होतो. (जन्मनोंदणीचा माझा अनुभव दीर्घ आहे, मला यात तांत्रिक चूक सापडली नाही.)

"आनि दर जुलैला तो कराचा मेसेज," त्या पुढे म्हणाल्या. "भरा, भरा, तारीख जवल आली. पयल्या साली मना जेवन गेला नाय. पोलीस येतील म्हनून सुकट घरात लपवली. मग उल्हासनगरला गेले. तिकरं एक पोर हाय, धर्मेश. त्यानी माजा कार्ड काढला, कागद भरला. चार साला झाली. एक साल चुकवला नाय."

त्यांनी गोणपाटाखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चार वर्षांच्या चार पोचपावत्या होत्या, करपात्र उत्पन्न शून्य, कर शून्य, तारखेच्या आत. ज्या चार वर्षांत सुजितने आपली विवरणपत्रे भरली नाहीत, त्याच चार वर्षांत त्याच्या नावाच्या धमक्या वाचून ठमाबाईंनी स्वतःची भरली होती. खात्याच्या जनजागृती मोहिमेचे यश शंभर टक्के म्हणावे लागेल. फक्त व्यक्ती बदलली.

मी तिथूनच धर्मेशला फोन लावला. तो गडबडला. "काका, मी बोललो होतो, मौसी, गरज नाही. ती बोलली, तू सरकारपेक्षा शहाणा का?" (फी म्हणून ती त्याला सुकट देत असे. धर्मेश शाकाहारी असल्याने ती जीन्सवाल्याकडे वर्ग होई.)

ठमाबाई आता ओटीपी द्यायला राजी झाल्या, पण सुजितला फोनवर पाहून, आणि एकेक आकडा करून. धर्मेशने उल्हासनगरहून बटण दाबले. व्हिडिओवर मस्कतहून सुजित, घामाघूम. मुदत पंधरा मिनिटे.

"पयला आकडा चार. आईला फोन किती दिसांनी करतोस?"

"रोज, मावशी."

ठमाबाईंनी सगुणाबाईंकडे पाहिले. सगुणाबाई बोंबलांकडे पाहू लागल्या.

"आयतवारी करतो," त्या हळूच म्हणाल्या. "कदी कदी."

"मावशी, दुसरा आकडा!"

"देते. आधी तिला सांग, का नाय करत."

सुजितने घाम पुसला. मग म्हणाला, "केला की ती विचारते कधी येतोस. आणि मला सांगता येत नाही." बाजाराच्या गलबल्यातही हे सगुणाबाईंना नीट ऐकू गेले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ठमाबाईंनी काही न विचारता दुसरा आणि तिसरा आकडा एकदम दिला. चौथ्याच्या वेळी पाव किलो सुकटीचे गिऱ्हाईक आले, घासाघीस झाली, आणि मुदत संपली.

नवा ओटीपी आला. आकडे वेगळे. ठमाबाईंना वाटले, सरकार आपल्याला खोटे पाडतेय. त्यांनी बाणेदारपणे जुनेच दिले. चुकले. धर्मेश ओरडला की आणखी चुका झाल्या तर खाते कुलूपबंद होईल. तिसऱ्या खेपेला सगुणाबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला, सहा आकडे सलग वाचले आणि म्हणाल्या, "भर रे बाबा, आनि ये."

एक विवरणपत्र दाखल झाले, तीन माफीचे अर्ज गेले. सगळ्या पोचपावत्या आणि खात्याचे ते मूळ पत्र एका फाइलला लावून मी कुरियरने मस्कतला पाठवले. तीस जानेवारीला सुजित मुंबईला उतरला. तो पासपोर्ट तपासणीच्या खिडकीशी गेला. पासपोर्टपाठोपाठ सगळ्या पोचपावत्यांची फाइल पुढे सरकवली. अधिकाऱ्याने ती परत सरकवली, शिक्का मारला आणि विचारले, "शादी है क्या? मेहंदी जैसा कुछ लगा है फाइल को." आईने त्या पत्रावर वाहिलेले ते कुंकू होते. आणखी काहीही विचारले गेले नाही.

लग्न ठरल्या तारखेला लागले. ठमाबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. किर्तीने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच काहीतरी सांगितले. काय, ते मी विचारले नाही. पण किर्तीने लगेच सुजितचा फोन काढून घेतला आणि त्याचा नवा भारतीय नंबर रिचार्जच्या तारखेसह आपल्या वहीत लिहून ठेवला.

जेवणाच्या पंगतीत धर्मेश माझ्या शेजारी होता. चाळीस दिवसांच्या धावपळीने मला देशाच्या करव्यवस्थेबद्दल बरेच ममत्व वाटू लागले होते. मी त्याला सहज म्हटले, "आणि आमचं? या वर्षीचं पेन्शनवालं वेळेवर गेलं ना?"

धर्मेशचा जिलेबीचा हात मध्येच थांबला.

"काका," तो म्हणाला, "मला वाटलं, तुमचं तुम्हीच भरता."

वाचकहो, आपले विवरणपत्र कोण बघतो हे आपल्याला पक्के ठाऊक असणार, याबद्दल मला शंका नाही. ते त्यालाही ठाऊक आहे का, एवढे मात्र विचारून घ्या.