पल्याडचा काठ

दशरथअण्णांच्या टाकीतले मासे पाहुण्यांना कधी दिसत नसत. धारवाडच्या मळमड्डीत आमच्या भिंतीला लागून त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या आणि आतल्या खोलीमधल्या खिडकीची दारं काढून तिथं त्यांनी काचेची टाकी बसवली होती. पाहुणा बाहेर खुर्चीत बसला की त्याच्यासमोर काचेला चिकटून हातभर उंच पाणगवत. त्यामागं काय आहे ते अण्णांनाच ठाऊक. एक गृहस्थ चहा संपेपर्यंत टक लावून बघत राहिले आणि जाताना म्हणाले, "यात पाणी आहे वाटतं."

"हाय की ओ," अण्णा म्हणाले. असलं बोलणं त्यांच्या अंगाला लागत नसे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अण्णा पाणीपुरवठ्यात वॉल्व्ह सोडायचं काम करत. धारवाडात तेव्हा नळाला रोज पाणी नसे; आलं की गल्लीभर घागरींची पळापळ. अण्णांकडे मात्र पहिली बादली टाकीची, पिण्याचा हंडा नंतर. ती बादली बुद्धाच्या तसबिरीखाली दिवसभर उघडी ठेवायची आणि औषधाचा वास गेला की टाकीत ओतायची.

रोपं निवडायची तऱ्हा म्हणजे थेट सोयरीक जुळवणं. रविवारी सायकलला पत्र्याचा डबा अडकवून केळगेरीच्या तळ्यावर जायचं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहायचं आणि एकेक रोप उपटून आधी त्याचं मूळ बघायचं. पांढरं असलं तर डब्यात, काळं असलं तर परत चिखलात. घरी आलेलं रोप आठ दिवस बादलीत उमेदवारी करी. पानं गाळली की पुढच्या रविवारी त्याला त्याच तळ्यात पोचवून येत. पास झालेल्याच्या बुडाला जुन्या पाइपाच्या जोडातल्या शिशाची पट्टी गुंडाळून ते वाळूत रोवत. मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नसे. मी लॅटिन नावं सांगू लागलो की म्हणत, "नाव तुमी सांगा मास्तर, मूळ मी बघतो."

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. उंच मागं, बुटकी पुढं, हे वर्गाचा फोटो काढणाऱ्या कुणालाही कळतं. अण्णांनी नेमकं उलटं केलेलं. समजवायला गेलं की उत्तर ठरलेलं, "इरली बिडी." कन्नडात म्हणजे, असू द्या, सोडा. बढती हुकली तेव्हाही इरली बिडी, सायकल चोरीला गेली तेव्हाही इरली बिडी.

आतल्या खोलीत त्यांची थोरली बहीण, अक्का, खाटेवर असत. आई लवकर गेल्यावर त्यांनीच अण्णांना वाढवलं, अळणावरजवळच्या खेड्यात. तीन वर्षांपूर्वी मोरीत पडून त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून त्या उठल्या नाहीत आणि बोलणंही त्यांनी टाकलं. भूक-तहान हातानं सांगत. अण्णा रोज संध्याकाळी खाटेशी बसून गल्लीतल्या सगळ्या बातम्या एकटेच सांगत. शेवटी "काय गं अक्का?" असं विचारून थांबत. भिंतीपलीकडून मला ते थांबणं ऐकू येई आणि फार वाईट वाटे.

एकदा त्यांना कामानं दोन दिवस बेळगावला जावं लागलं. अक्कांपाशी माझी बायको राहणार होती, टाकी माझ्याकडे. मी संधी साधली. तासाभरात टाकी शिस्तीत आली. बुटकं पुढं, उंच मागं, आतल्या बाजूचा चपटा काळा दगड मधोमध. मासेही पहिल्यांदाच दिसले. मी पाहुण्याच्या खुर्चीत बसून स्वतःवर खूश होत होतो, तेवढ्यात आतून खरखरीत आवाज आला.

"तळं कुनी बुजवलं?"

आत भाकरी थापणाऱ्या माझ्या बायकोचा हात थांबला. मी तीन वर्षांत प्रथमच पडदा सारून आत गेलो. अक्का खिडकीकडं बघत होत्या. मी वाकून त्यांच्या उशीइतका खाली आलो. तिथून नुसती गवताची भिंत दिसत होती, मी उभी केलेली.

"आमच्या गावचं तळं हुतं तितं," त्या म्हणाल्या. "रोज बघायची मी."

ज्याला मी तीन वर्षं चूक म्हणत होतो, ते सगळं ह्या उशीवरून लावलेलं होतं. मग मी बाहेरून कोपरापर्यंत हात बुडवून उभा राहिलो आणि अक्का खाटेवरून हुकूम सोडू लागल्या. "पाती पल्याड. आनी पल्याड. ह्ये बारकं माझ्याकडं." सगळं पूर्वीसारखं झालं, दगडही अक्कांच्या डावीकडं, जागच्या जागी ठेवला, तरी त्यांचं समाधान होईना.

"दगूड दश्यानं चुकीचा ठेवलाय. त्यो उजव्या अंगाला हुता. त्येच्यावर मी धुनं आपटायची."

मी दगड त्यांच्या उजवीकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आले, तेव्हा मी पाहुण्याच्या खुर्चीत होतो. पिशवी ठेवून आधी आत गेले, नेहमीसारखे खाटेच्या उशाशी उकिडवे बसले आणि लगेच बाहेर आले.

"मास्तर, दगूड कुनी सरकवला?"

"मीच. अक्कांनी सांगितलं म्हणून."

"हातानं?"

"तोंडानं. गावचं तळं म्हणाल्या. दगड उजव्या अंगाला होता म्हणाल्या."

अण्णा दुसऱ्या खुर्चीत बसले. "तळं म्हनाली?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

"मी म्हस घेऊन पल्याडच्या काठाला असायचो ओ," शेवटी ते म्हणाले. "ती धुनं धुयाची, मी समोरनं बघायचो. मला दगूड डावीकडंच दिसायचा की."

मग ते उठून आत गेले. "काय गं अक्का?" त्यांनी विचारलं आणि थांबले.

"दश्या," आतून आवाज आला, "जेवलास का?"

मी बाहेरच्या खुर्चीतच होतो. मला रडू आलं, आणि माझ्या बाजूचं गवत इतकं उंच आहे याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.