गोदाताईच्या घरगाडीचा पंप

एका जंगलात, मुलांनो, रस्ते इतके रुंद झाले की झाडांना कडेला उभं राहायलाही जागा उरेना. मग प्राण्यांनी आपली घरंच चाकांवर घेतली.

त्या जंगलात एक बेडकीण होती. नाव गोदावरी, राहणं डबक्यात. सगळे तिला गोदाताई म्हणत. अंडी फुटायच्या आधीच तिचा नवरा नाना धामणीच्या पोटात गेला. जंगलात याला नैसर्गिक मृत्यू म्हणतात, त्यामुळे कोणी फार चौकशी केली नाही.

जाण्यापूर्वी नानाने एक घरगाडी सांगून ठेवली होती. आत ओटा, पलंग, न्हाणी आणि टब. खाली पाण्याची टाकी, आणि टाकीतलं पाणी टबात चढवणारा पंप. डबकं आटत चाललं होतं. पोरांना माळापलीकडच्या मोठ्या तळ्यात न्यायचं, असं नाना रोज म्हणायचा. गोदाताईने पोरं टबात सोडली. सगळी अजून शेपटीवाली. पाणी गेलं की ती गेली.

गाडी घेताना शोरूमच्या कोल्ह्याने साग्रसंगीत पूजा केली. चाकांना, दिव्यांना, पंपालासुद्धा हळदकुंकू वाहिलं. नारळ तर पंपावरच फोडला. पाण्याची देवता तिथेच असते, असं त्याचं मत होतं. मग त्याने पेढे दिले आणि वॉरंटी आहे, निर्धास्त जा, असं सांगितलं.

गोदाताई निघाली. क्लचवरून ब्रेकवर उडी, ब्रेकवरून हॉर्नवर. शेजारच्या सीटवर नानाची उशी होती. ती तिने हलवली नाही. वळण आलं की सगळी पोरं टबाच्या एका कडेला गोळा होत आणि आनंदाने बुडबुडे सोडत.

माळाच्या मधोमध पंप घर्र करून थांबला.

हिंदकळून सांडणारं टबातलं पाणी आता उतरू लागलं. टाकी गच्च भरलेली, पण तिचं लोखंडी झाकण बेडकिणीच्या पायांनी उघडणारं नव्हतं. गोदाताईने कंपनीला फोन लावला. एका मैनेने तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की तिचा फोन कंपनीसाठी मोलाचा आहे. शेवटी सर्व्हिस इंजिनिअर आला.

तो बगळा होता.

गोदाताई चारी पाय पसरून टबावर आडवी झाली. बगळ्याने टबात पाहिलं आणि आवंढा गिळला.

"घाबरू नका, ताई," तो म्हणाला. "तक्रार चालू असेपर्यंत ग्राहकाला खाता येत नाही. कंपनीचा नियम आहे."

"आणि मिटल्यावर?"

बगळ्याने डोळे मिटले. "मिटल्यावर आपण दोघं मोकळे."

त्याने पंप उघडला. आत कुंकवाचा चिखल, आणि चक्रात नारळाची शेंडी अडकलेली. बगळ्याला फार आनंद झाला. पंपावर नारळ फोडणं म्हणजे छेडछाड, छेडछाड म्हणजे वॉरंटी रद्द, म्हणजे तक्रार मिटली, असं म्हणत तो गळ्याला रुमाल बांधू लागला.

"नारळ तुमच्याच कोल्ह्याने फोडला, भाऊ," गोदाताई शांतपणे म्हणाली.

रुमालाची गाठ अर्धीच राहिली. बगळ्याने वर विचारलं. पूजा विक्रीत धरायची की सेवेत, यावर वरचे साहेब विचार करू लागले. शेंडी काढायला आणि टाकीचं झाकण उघडायलाही त्यांचीच परवानगी हवी होती. विचार होईपर्यंत ग्राहकाची पाण्याची सोय इंजिनिअरने करायची, असा हुकूम मात्र लगेच आला.

मग काय विचारता. पुढे गोदाताई क्लचवरून ब्रेकवर उड्या मारतेय, आणि मागून बगळा चोचीत बादली धरून उडतोय. कुठल्याशा ओढ्यावर जायचं, बादली भरायची, धावत्या गाडीच्या खिडकीतून टबात ओतायची. चोच पोरांच्या इतकी जवळ यायची की त्याला घेरी यायची. पण चोचीत बादली असायची. पोरं त्याला पाणीकाका म्हणू लागली. त्यांना पाय फुटले, तेव्हा त्यांनी आधी पाणीकाकांना दाखवले. बगळ्याला रडू आलं. ते मायेचं नव्हतं.

तळं दिसू लागलं तसा त्याचा धीर सुटला. परवानगी नाही, काही नाही, त्याने चोच खुपसून शेंडी उपसून काढली. पंप सुरू झाला. पाणी छतापर्यंत उसळलं. पोरं नाचली, बगळाही एका पायावर नाचला.

"झालं ना समाधान, ताई?" तो हळुवार आवाजात म्हणाला. "एवढं एकदा तोंडाने म्हणा."

नाना असता तर लगेच हो म्हणाला असता. भिडस्त होता. धामणीलाही नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं असेल. गोदाताईने पोरांकडे पाहिलं.

"पंप छान आहे, भाऊ. पण आवाज येतो."

"कसला आवाज?"

"अजून नीट कळत नाही. तुम्हीही ऐकत थांबा."

बगळ्याने मान खाली घातली आणि नवी तक्रार नोंदवून घेतली. पोरं टपाटप तळ्यात उतरली. उतरण्यापूर्वी आईने प्रत्येकाला एकच गोष्ट शिकवली होती.

तेव्हापासून बेडूक सारखे ओरडत असतात. लोकांना वाटतं, ते पावसाला बोलावतात. ते तक्रार चालू ठेवतात. आणि काठावर बगळा एका पायावर उभा राहून, डोळे मिटून, सगळं ऐकून घेतो.

तात्पर्य: चांगल्या कंपनीचा एकही समाधानी ग्राहक आजवर कुणाला भेटलेला नाही. तेव्हा मुलांनो, पंप चालू झाला तरी कुरकुर सोडू नका.