राठोड गुरुजींचा संथ लॅपटॉप

राठोड गुरुजी लॅपटॉपवर फाइल उघडायला लावत आणि दाढी करायला बसत. दाढी उरकायची, मिशी कोरून व्हायची, तेव्हा कुठे पडद्यावर पहिली ओळ उमटायची.

आम्ही साखऱ्याच्या शाळेत एकत्र शिकवायचो आणि सेनगावात शेजारी राहायचो. गुरुजींचा लॅपटॉप जुना, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. ते फुकट मिळतं आणि त्याला व्हायरस लागत नाही, एवढ्यावर गुरुजी त्याचे भक्त झाले होते. शाळेचे निकाल त्यावरच करायचे असल्यामुळे तो संथपणा माझ्या डोक्यात जायचा. मी लॅपटॉपच्या आतल्या पंख्यात अडकलेला कापूस काढला, मेमरी वाढवली, नको ते प्रोग्राम बंद केले. फरक शून्य. गुरुजींचं एकच पालुपद, "चालून राहिलं नं, मग काहून पळवता?"

एका शनिवारी ते आंघोळीला गेलेले असताना मला दुखणं सापडलं. सेटिंगमध्ये प्रोसेसर सगळ्यात कमी वेगावर बांधून ठेवलेला होता. मी तो मोकळा केला. फाइल झटक्यात उघडली. पंखा जोरात घरघरू लागला, तेही मला कौतुकाचं वाटलं.

सोमवारी गुरुजींनी मला बोलावून एक रेकॉर्डिंग ऐकवलं. नुसती घरघर, तिच्या तळाशी कुणी म्हातारी गात असावी. दर रविवारी ते तांड्यावर जाऊन आपल्या आईची, याडीची, गाणी त्याच लॅपटॉपवर उतरवून घेत. पंखा गप्प राहावा म्हणून वेग त्यांनीच बांधला होता. याडीला आता फारसं आठवत नसे.

"काल तिच्या लग्नातलं गाणं पुरं म्हन्ली, दोन वर्सांत पयल्यांदा," गुरुजी म्हणाले. "परत म्हन म्हन्लं, तर इचारती, कोनतं गानं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. उलट, आपणच आधी सांगायला हवं होतं म्हणाले.

वेग मी माझ्या हाताने पुन्हा बांधला. पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर तांड्यावरही गेलो. याडी दोन तास नुसती माझ्याकडे बघत होती. मग गुरुजी तिच्याशी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, हळूच काहीतरी बोलले. काय म्हणालात, मी विचारलं.

"म्हन्लं, हे सर दिवसभर बसनार हायेत. आठवंल तवा म्हन."

मला चारच्या जीपने परतायचं होतं. मी मांडी घालून नीट बसलो.