ताईच्या कानातला मळ

कानाच्या डॉक्टरांनी आपला दवाखाना एका गुंतवणूक कंपनीला विकला, तेव्हा घरात सगळ्यांना ठासून सांगितलं होतं की बदल होईल तो फक्त कागदावर. खुर्ची तीच, डॉक्टर तोच. नळाची गळती आणि विजेची बिलं तेवढी कंपनी बघेल. त्यामुळे थोरल्या बहिणीच्या कानांना दडे बसले, तेव्हा त्यांनी फोनवर ओरडून ओरडून सांगितलं, "ताई, सरळ ये. माझं नाव सांग. दोन मिनिटांचं काम आहे."

ताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ऐकू आलं नाही, हे कबूल करणं त्यांना फार कमीपणाचं वाटे. अशा वेळी त्या मान हलवून शांतपणे "हो" म्हणत.

काउंटरवर कंपनीने नेमलेली नवी मुलगी होती. तिने विचारलं, चक्कर येते का? ताई हो म्हणाल्या. कानात शिट्ट्या वाजतात? हो. घराण्यात कुणी बहिरं आहे? ताईंनी जरा जोरातच हो म्हटलं. मुलगी बिचारी मायाळू होती. एवढ्या दुखण्यांच्या बाईंना ताटकळत ठेवायचं तिच्या जिवावर आलं. तिने त्यांना लगेच तपासण्यांना धाडलं, आणि ताई या खोलीतून त्या खोलीत फिरू लागल्या.

आत डॉक्टर वाट बघत बसले होते. बाहेर डोकावायची सोय नव्हती; नव्या पद्धतीत संगणक ज्याला आत सोडेल तोच पेशंट बघायचा, आणि एक गेला की दुसरा हजर. "आमच्या ताईला वेळेचं भान कधीच नव्हतं," असं त्यांनी नर्सला सांगूनही टाकलं.

बऱ्याच वेळाने पडद्यावर एक अवघड केस आली. बहिरेपणा, भोवळ, घराण्यातला दोष. यंत्र बसवावं लागणार. डॉक्टरांनी चेहरा गंभीर केला. दार उघडलं आणि भोवळीच्या तपासणीत गरागरा फिरवलेल्या ताई भिंत धरून आत आल्या.

डॉक्टरांनी कानात पाहिलं. मळ होता. चांगला वाटाण्याएवढा, दोन्हीकडे. त्यांनी मुकाट्याने काढला.

एवढ्यात कंपनीचा व्यवस्थापक अभिनंदन करायला आला. एकाच पेशंटच्या इतक्या तपासण्या आजवर कुठल्याच शाखेत झाल्या नव्हत्या. डॉक्टर चाचरत म्हणाले की ही माझी सख्खी बहीण आहे, या तपासण्यांचं बिल रद्द करा. व्यवस्थापकाने अदबीने सांगितलं की रद्द करणं त्याच्या हातात नाही, आणि पुढचा पेशंट खोळंबलाय.

तो गेल्यावर ताईंनी पदर सावरला. "बाळ्या, मालक कुठे बसतात? मी बोलते त्यांच्याशी."

"माहीत नाही गं."

"म्हणजे?"

"ज्यांना विकला, त्यांनी तो पुढे दुसऱ्यांना विकला. मला पाटी बदलली तेव्हा कळलं."

"मग रजेचा अर्ज कुणाच्या नावाने लिहितोस?"

"अर्ज नसतो. बटण दाबायचं."

"आणि मिळते?"

डॉक्टर हात धुवायला वळले. ताई बाहेर जाऊन बाकावर बसल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आता कुणासाठी थांबलात?

"धाकटा भाऊ इथे नोकरीला आहे," ताई म्हणाल्या. "सुटला की जेवायला घेऊन जाते."