होम वगळून

माणूस नश्वर आहे, पण त्याच्या फायलींनीही तसंच असावं असं काही बंधन नाही. या उदात्त विचारातून आमच्या सासरी कौटुंबिक बॅकअप धोरण अस्तित्वात आलं. धोरणाचे जनक, अंमलबजावणी अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी आमचे साडू. ते साबणाच्या कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळतात. पण त्यांच्या चुलतभावाकडे लिनक्स आहे, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न उद्भवत नाही.

लाभार्थी एकच, आमच्या सासूबाई. त्यांची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेली. निवृत्तीनंतर त्या कम्प्युटरवर आठवणी लिहू लागल्या. कोण कोणाशी काय बोललं, फोन ठेवताना कोणाचा आवाज फुटला, सगळं. नावं तेवढी बदलून (आम्हा जावयांची बदलली नव्हती, असं ऐकतो).

साडूंनी सासूबाईंच्या जुन्या कम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. "आता व्हायरसची काय टाप आहे, आई!" व्हायरस खरोखरच आला नाही. प्रिंटरही चालेनासा झाला, पण सुधारणा म्हटली की थोडी झळ बसायचीच.

मग बॅकअप. बॅकअप ही घ्यायची गोष्ट आहे. आपण शपथ घेतो, मनावर घेतो, तसाच बॅकअप घेतो आणि मोकळे होतो. "घेतला का?" असं सगळे विचारतात, "परत आला का?" असं कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

साडूंनी त्यासाठीचा प्रोग्राम सुरू केला. त्याने विचारलं, कुठे ठेवायचा? बाहेरच्या डिस्कवर. (डिस्कला मेहुणीने लोकरीचं कव्हर विणलं.) कधी घ्यायचा? रोज. होमचाही घ्यायचा का?

"होम म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"घर हो, आई. आपल्याला घराचा कुठे घ्यायचाय? कम्प्युटरचा घ्यायचाय." आणि साडूंनी 'नाही'वर टिचकी मारली.

(लिनक्समध्ये माणूस स्वतः जे काही लिहितो ते होम नावाच्या फोल्डरात राहतं. ही माहिती आम्हाला यथावकाश प्राप्त झाली.)

धोरण सुरळीत चाललं. समाधानाचं प्रमाण शंभर टक्के. सामान्य माणूस इथेच थांबला असता. पण साडू म्हणाले, परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअपला अर्थ नाही. अगदी बरोबर. आता परत आणायचं तर ते आधी गेलेलं हवं, आणि कम्प्युटर तर ठणठणीत होता. तेव्हा एका रविवारी, सगळ्यांना बोलावून, साडूंनी तो साफ पुसला.

कार्यक्रम यशस्वी झाला. घड्याळ आलं. पडद्यावरचं निळं तळं आलं. पत्त्यांचा खेळ आला. बंद प्रिंटर बंद अवस्थेत आला. टाळ्या पडल्या. साडूंनी नव्व्याण्णव टक्के यश जाहीर केलं.

"आणि माझं लिखाण?" सासूबाई म्हणाल्या.

साडूंनी शोधलं. मग डिस्कचं कव्हर काढून शोधलं. उरलेला एक टक्का तोच होता.

"होमचाच होम झाला म्हणायचा," मी म्हणालो. आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद मी गिळून टाकला.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो, हल्ली मला नीट आठवत नाही," त्या साडूंना हळूच म्हणाल्या. "डोक्यातलं जायला लागलं, म्हणून तर यात ठेवलं होतं."

मला फार वाईट वाटलं. साडू तर रडकुंडीला आले. आता रोज कारखान्यातून ते थेट सासूबाईंकडे जातात. त्या सांगतात, हे टाइप करतात. कधी लाइन लागते, कधी मध्येच तुटते. नावं बहुतेक वेळा आठवत नाहीत, त्यामुळे बदलावी लागत नाहीत.

साडूंना हसणारे पुष्कळ आहेत. तुम्हीही हसलात, हरकत नाही. मी ओळखीपाळखीत पाहणी केली. बॅकअप घेता का? सगळे घेतात. कधी परत आणून पाहिलात? सगळ्यांना एकदम कामं आठवली. म्हणजे आपलं काय गेलं, हे ठाऊक असलेला माणूस आमच्या माहितीत एकच, आमचे साडू. तुमचं काय गेलंय, ते तुम्हाला अजून कळायचंय.